मार्चमधले डोळे

स्वीडनमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्च महिन्यात झालं, तर डॉक्टरांचं काम थोडं वाढतं. इतर अकरा महिन्यांत ऑपरेशनच्या वेळचा एक फॉर्म भरला की झालं. मार्चमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा मात्र पुढेही पाठपुरावा होतो. जखम भरल्यावर नजर किती आली, चष्म्याचा नंबर जेवढा अपेक्षित धरला होता तेवढाच निघाला का, मध्ये काही बिघडलं का, हे सगळं देशाच्या मोतीबिंदू नोंदवहीत उतरवलं जातं. ज्या नेत्रविभागांची तयारी असते ते रुग्णाला एक प्रश्नपत्रिकाही देतात, एकदा ऑपरेशनआधी आणि एकदा नंतर. तिच्यात बुबुळ, पडदा, दाब यातलं काही नाही. वर्तमानपत्र वाचता येतं का, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो का, दुकानातल्या वस्तूंवरच्या किमती दिसतात का, खडबडीत वाटेवर पाऊल नीट पडतं का, विणकाम-भरतकाम जमतं का, असले साधे प्रश्न.

सगळं वर्ष सोडून मार्चच का? कारण बाराही महिने प्रत्येक रुग्णाच्या मागे लागलं, तर दवाखान्यांचा जीव मेटाकुटीला येईल आणि दोन वर्षांत वही बंद पडेल. एक महिना सगळ्यांनी नेटाने भरायचा, तो वर्षाचा नमुना. १९९५पासून ही रीत चालू आहे. स्वीडिश मोतीबिंदू नोंदवहीच्या कर्त्यांनी पुढे शोधनिबंधांचा ढीग लिहिला, तरी मला त्यांच्या शहाणपणाचं खरं प्रमाण या एका महिन्यात दिसतं. किती विचारायचं नाही, हे त्यांना कळलं होतं.

मोतीबिंदूच्या इतिहासात आकड्यांना तोटा कधीच नव्हता. फ्रान्सच्या झाक डॅव्हिएलने गढुळलेलं भिंग सुईने मागे ढकलून देण्याची जुनी रीत सोडली, डोळा उघडून ते बाहेर काढायला सुरुवात केली, आणि १७५२ साली पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे हिशेब मांडला: २०६ ऑपरेशनं, त्यांतली १८२ यशस्वी. त्या काळाच्या मानाने हा प्रामाणिकपणा मोठा, कारण २४ अपयशंही त्याने मांडली. पण यश म्हणजे काय, आणि ते ऑपरेशननंतर कितव्या दिवशी पाहिलं, हे ठरवणारा डॅव्हिएल स्वतःच होता.

मराठी माणसाला यात तंजावरची आठवण हवी. सरफोजीराजे दुसरे, भोसले घराण्यातले, १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांचे केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. चेन्नईच्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. ऑपरेशनं खुद्द राजांनी केली असं सांगितलं जातं. त्यात दरबारी भक्तीचा वाटा किती, हा भाग अलाहिदा. माझं लक्ष मात्र कागदांवर खिळतं. रुग्ण कोण, आजार काय, उपचार काय, आणि सोबत डोळ्याचं रेखाटलेलं चित्र. एकेक माणूस वेगळा नोंदवावा, ही बुद्धी तिथे होती. पण त्या नोंदी एका महालात सुरू झाल्या आणि तिथेच राहिल्या. शेजारच्या वैद्याच्या नोंदीशी त्या ताडून पाहाव्यात अशी सोय नव्हती, तसा शेजारीही नव्हता.

त्यानंतरच्या शतकात नोंदींपेक्षा संख्येचा दरारा वाढला. पंजाबात जालंधरला इंडियन मेडिकल सर्व्हिसचा कर्नल हेन्री स्मिथ हा आयरिश डॉक्टर होता. डोळ्यावर बाहेरून दाब देऊन भिंग त्याच्या पिशवीसकट अख्खं बाहेर काढायची त्याची पद्धत, आणि तोंडात सिगार. १९१०च्या सुमारास त्याच्या नावावर वीस हजारांवर ऑपरेशनं होती. ती पद्धत शिकायला अमेरिकेहून डॉक्टर जालंधरला येत. 'जालंधर स्मिथ' हे नाव युरोपात दबक्या आवाजात, कधी आदराने तर कधी संतापाने घेतलं जाई. पद्धतीवर वाद झडले. मद्रासचा रॉबर्ट हेन्री एलियट हा त्याच्या विरोधकांपैकी एक. पण बैलगाडीने गावी परतलेल्या शेतकऱ्याचा डोळा वर्षभराने कसा होता, हे जालंधरच्या आकड्यातून कसं कळणार? वीस हजार हा ऑपरेशनांचा आकडा होता.

याच एलियटने मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात उलट बाजूचा हिशेब केला. गावोगाव हिंडून सुईने मोतीबिंदू 'उतरवणारे' वैदू तेव्हा सर्रास होते. त्यांच्या हातून गेलेले डोळे रुग्णालयात येत. एलियटने ते शेकड्यांनी तपासले आणि १९१७ साली लंडनला त्यावर व्याख्यानं दिली. सुई मारली की रुग्णाला तत्काळ उजेड दिसे, वैदू पैसे घेई आणि डोळा सुजायच्या आत पुढच्या गावाला लागे. त्याने केलेलं बिघडलेलं काम त्याला स्वतःला कधी दिसतच नसे. आणि एलियटला फक्त बिघडलेलंच दिसत असे, कारण ज्यांचं बरं झालं ते रुग्णालयात कशाला येतील? पुढच्या शतकातली सगळी डोकेदुखी या एका जोडीत आहे. उपचार करणाऱ्याला परिणाम दिसत नाही, आणि परिणाम पाहणाऱ्याला सगळे रुग्ण दिसत नाहीत.

स्वतंत्र भारतात शिबिरांचं युग आलं. विजापूर भागातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी हे या युगाचे महापुरुष. १९४३पासून गावोगाव फिरून त्यांनी केलेल्या कामाची नोंद गिनीजच्या पुस्तकात आहे: एका दिवसात मोतीबिंदूची ८३३ ऑपरेशनं, आणि फेब्रुवारी १९९३पर्यंत एकूण ६ लाख १० हजार ५६४. ज्या देशात लाखो लोक निव्वळ मोतीबिंदूने आंधळे होऊन माजघरात बसून होते, तिथे या माणसाचे उपकार मोजता येणार नाहीत. शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंजीवर ओळीने झोपलेले म्हातारे-म्हाताऱ्या, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, आणि काही आठवड्यांनी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात साठीच्या पुढच्या माणसाला आठवेल. भिंग काढायचं, पण बदली भिंग बसवायचं नाही, अशी ती रीत. चष्मा फुटला किंवा हरवला की माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा. पण हिशेबात तो 'ऑपरेशन झालेला' म्हणूनच राही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६चा. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत मोठी मोहीम झाली, त्यांत महाराष्ट्रही होता. लक्ष्य साधारण १ कोटी १० लाख ऑपरेशनांचं होतं, झाली दीड कोटीवर. जाड चष्मा जाऊन डोळ्याच्या आत बसवायचं कृत्रिम भिंग सरकारी ऑपरेशनातही आलं, ते याच काळात. हॅरल्ड रिडलीने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९४९ साली पहिल्यांदा बसवलेली ती वस्तू आपल्या खेड्यातल्या म्हातारीपर्यंत पोचायला जवळपास अर्धशतक लागलं. मोहिमेचं यश सांगताना मात्र पुन्हा ऑपरेशनांचाच आकडा पुढे येई. त्याच सुमारास निरनिराळ्या भागांत घरोघर जाऊन, ऑपरेशन झालेल्या लोकांची नजर तपासणारे सर्वेक्षक हिंडत होते, आणि त्यांना दिसत होतं की ऑपरेशन झालेल्या डोळ्यांपैकी बऱ्याच डोळ्यांना धड दिसत नाही. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने मापदंड घालून दिला: ऑपरेशननंतर निदान ८० टक्के डोळ्यांना, रुग्णाकडे असलेल्या चष्म्यासह, नजर मोजायच्या तक्त्यावर ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसायला हवं, आणि ६/६०पेक्षा कमी दिसणारे डोळे ५ टक्क्यांच्या आत हवेत. मापदंड आला, पण तो लावून पाहायला वही हवी.

ती वही स्वीडनने १९९२मध्येच उघडली होती. आग्नेय किनाऱ्यावरच्या कार्ल्सक्रोना या आरमारी गावात काम करणारा मॅट्स लुंडस्ट्रॉम हा तिचा मुख्य प्रवर्तक. सोबत उल्फ स्टेनेवी आणि विल्यम थोर्बुर्न. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही स्वीडनमध्ये १९७५पासून होती, खुब्याची १९७९पासून, म्हणजे कल्पना घरचीच होती. निमित्त होतं प्रतीक्षायादीचं. ऑपरेशनांसाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळत होते आणि त्याच वर्षी सरकारने काही ठरावीक उपचारांसाठी प्रतीक्षेची कमाल मुदत ठरवून दिली होती, त्यांत मोतीबिंदू होता. मग नाव यादीत कधी लागलं, ऑपरेशन कधी झालं, वय, स्त्री की पुरुष, कुठला डोळा, आधी नजर किती होती, डोळ्यात दुसरा आजार आहे का, कोणत्या पद्धतीने केलं, एवढीच माहिती मागायचं ठरलं.

सक्ती नव्हती. तरीही काही वर्षांत देशातले जवळजवळ सगळे विभाग सामील झाले. याचं कारण लोक स्वीडिश शिस्तीत शोधतात. माझ्या मते ते फॉर्मच्या लांबीत आहे. शिवाय भरलेली माहिती परत येत असे: तुमच्या विभागाचे आकडे हे, देशाची सरासरी ही. तुम्ही कुठे बसता ते पाहा. आपल्याकडे सरकारी तक्ते भरणाऱ्या कुठल्याही परिचारिकेला विचारा, वर पाठवलेला कागद कधी खाली उतरल्याचं तिने पाहिलंय का.

१९९२ ते २००९ या काळात वहीत दहा लाखांवर ऑपरेशनं जमा झाली. दर हजार लोकांमागे वर्षाला साडेचारच्या आसपास ऑपरेशनं होत होती, ती नवावर गेली. पूर्वी माणूस जवळजवळ आंधळा झाल्यावर टेबलावर येई; आता पुष्कळ लवकर येऊ लागला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ही चैन आहे का, असा प्रश्न खर्चाचा हिशेब ठेवणारे नेहमी विचारत. एक डोळा चांगला झाला, आता कशाला? मार्चच्या प्रश्नपत्रिकांनी त्याला उत्तर दिलं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या काहींना दोन डोळ्यांतला फरकच जाचत होता, आणि दुसरं ऑपरेशन झाल्यावर रोजच्या कामांत आणखी फायदा होत होता. याच कागदांतून एक नावडती गोष्टही बाहेर आली. ऑपरेशन बिनचूक झालं, तक्त्यावरची अक्षरं वाचता आली, तरी काही लोक म्हणत होते की आमचं काही बदललं नाही. त्यांतल्या पुष्कळांना आधीच फारशी अडचण नव्हती, किंवा पडद्याचा दुसरा आजार होता. म्हणजे हात चुकला नव्हता, निवड चुकली होती. ही प्रश्नपत्रिका पुढे छाटून नऊ प्रश्नांवर आणली गेली आणि कॅटक्वेस्ट-९एसएफ या नावाने जगभर गेली.

पण या वहीचं नाव झालं ते एका भयंकर गोष्टीमुळे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतू शिरले, तर काही दिवसांत डोळा लाल होतो, ठणकतो, आत पू होतो. त्याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. वेळेत इलाज झाला तरी नजर पुष्कळदा जाते, कधी डोळाच जातो. हे क्वचित घडतं, आणि सगळी अडचण या 'क्वचित'मध्येच आहे. समजा, एक सर्जन वर्षाला ५०० ऑपरेशनं करतो आणि संसर्गाचं प्रमाण दोन हजारांत एक आहे. म्हणजे त्याला असा रुग्ण चार वर्षांतून एकदा दिसणार. आता त्याने काहीतरी बदललं आणि प्रमाण निम्म्यावर आलं. त्याला हे कळायचं कसं? आठ वर्षांत एक रुग्ण दिसला काय आणि दोन दिसले काय, नशिबाचा खेळ म्हणून तो सोडून देईल. उलट प्रमाण दुप्पट झालं, तरीही कळणार नाही. हयातभराचा अनुभव इथे कामाला येत नाही. प्रत्येक ज्येष्ठ डॉक्टरकडे स्वतःचा तोडगा असायचा. कुणी थेंब आधी चार दिवस घालायला सांगे, कुणी ऑपरेशननंतर बुबुळाबाहेरच्या पापुद्र्याखाली इंजेक्शन देई. 'मी तीस वर्षं हेच करतोय, माझ्याकडे संसर्ग नाही' यावर वाद संपे.

स्टॉकहोमच्या सेंट एरिक नेत्र रुग्णालयात पेर मोंतान याला आपल्याकडचं प्रमाण जास्त वाटत होतं. ०.२६ टक्के, म्हणजे साधारण चारशेत एक. १९९६पासून तिथे ऑपरेशनच्या अखेरीस डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक सोडायला सुरुवात झाली. मात्रा १ मिलिग्रॅम, एका मिलिलिटरच्या दहाव्या भागात. २००२मध्ये मोंतानने ३२ हजारांवर ऑपरेशनांचा निकाल छापला: ०.०६ टक्के. राष्ट्रीय नोंदवहीत १९९८पासून संसर्गाचा वेगळा रकाना सुरू झाला होता. मग स्टॉकहोमचं इंजेक्शन एकेका गावात कसं पसरत जातंय आणि त्याबरोबर आकडा कसा उतरतोय, हे देशभर दिसू लागलं. २००२ ते २००४ या तीन वर्षांत २ लाख २५ हजार ४७१ ऑपरेशनं, आणि संसर्ग १०९ डोळ्यांत. ०.०४८ टक्के. हे १०९ डोळे एका जागी मांडल्यावर, कोण जास्त धोक्यात हेही वाचता आलं: पंचाऐंशीच्या पुढचे, ऑपरेशनमध्ये भिंगाच्या मागची पिशवी फाटून आतला द्रव पुढे आलेले, आणि ज्यांना ते इंजेक्शन मिळालं नव्हतं ते.

स्वीडनबाहेर मात्र यावर कुणी सहजी विश्वास ठेवला नाही, आणि ते गैर नव्हतं. आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं यांची तुलना हा कच्चा पुरावा असतो. मधल्या काळात जखमेचा आकार लहान झाला, यंत्रं बदलली, हात बसला. श्रेय इंजेक्शनलाच का द्यायचं? तेव्हा युरोपातल्या नेत्रशल्यचिकित्सकांच्या संघटनेने, ईएससीआरएसने, डब्लिनच्या पीटर बॅरी यांच्या नेतृत्वाखाली २००३मध्ये चाचणी सुरू केली. ९ देश, २४ केंद्रं, सोळा हजारांवर रुग्ण, चिठ्ठ्या टाकून केलेले चार गट. कुणाला इंजेक्शन, कुणाला थेंब, कुणाला दोन्ही, कुणाला एकही नाही. जानेवारी २००६मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. इंजेक्शन न मिळालेल्यांत संसर्गाचा धोका जवळजवळ पाचपट निघाला, आणि हे कळल्यावर एखाद्याला ते नाकारत राहणं नीतीला धरून नव्हतं. थेंबांचा मात्र म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. इतक्या रुग्णांची, इतक्या खर्चाची चाचणी कुणी मनात आणली, ती वहीने आधी बोट दाखवलं होतं म्हणून. नुसत्या एका रुग्णालयाच्या शब्दावर नऊ देश हलले नसते.

नंतरची काही वर्षं नोंदवह्यांच्या प्रसाराची. मलेशियाने २००२मध्येच स्वतःची सुरू केली होती. २००८पासून युरोपभरची सामाईक नोंदवही उभी राहू लागली, युरेक्वो नावाची. तिच्यातल्या पाच लाखांवर ऑपरेशनांच्या आधारे २०१२मध्ये मार्गदर्शक तत्त्वं निघाली. लुंडस्ट्रॉम तिथेही होताच.

इंग्लंडची गोष्ट जरा वेगळी, आणि तिथे थांबायला हवं. २००९मध्ये तिथल्या ५५ हजार ५६७ ऑपरेशनांचा हिशेब प्रसिद्ध झाला. मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या जरा आत. पण या लोकांनी विचारलं की कुणाची फाटते. वय, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा, लहान राहणारी बाहुली, पिकून पांढरा किंवा तपकिरी झालेला मोतीबिंदू, काही औषधं, उताणं झोपता न येणारा रुग्ण, आणि शिकाऊ हात. दम्याचा म्हातारा टेबलावर सपाट पडू शकत नाही, हेही त्यांनी गणितात धरलं. हे का करावं लागलं? कारण एकदा का सर्जनच्या नावापुढे आकडा लागला की अवघड डोळा टाळण्याचा मोह होतो. अवघड केस मोठ्या रुग्णालयाकडे पाठवायची आणि आपला तक्ता स्वच्छ ठेवायचा. मग ज्याच्याकडे सगळे अवघड रुग्ण येतात तो सर्वांत वाईट सर्जन ठरतो. जोखमीचं वजन धरून तुलना केली, तरच नोंदवहीत न्याय राहतो. तशी ती होऊ लागल्यावर पुढच्या दशकात इंग्लंडमधलं पिशवी फाटण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरलं.

आपल्याकडे प्रश्न याच्याही आधीच्या पायरीवर अडतो. रुग्ण परत येत नाही. दिसू लागलं की पेरणी असते, नाहीतर एसटीच्या भाड्याचे पैसे नसतात, आणि दिसत नसेल तर सांगायचं कुणाला? पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर चाचणी केली. महागड्या यंत्राने करायची 'फेको' पद्धत, की टाक्याविना हाताने करायची लहान छेदाची स्वस्त पद्धत? २००५मध्ये निकाल छापला तो सहाव्या आठवड्याचा होता, कारण लोक तेवढ्यापर्यंत टिकवून धरता आले. चष्मा दिल्यावर दोन्ही गटांतल्या ९८ टक्क्यांच्या आसपास डोळ्यांना ६/१८ किंवा बरं दिसत होतं. बिनचष्म्याच्या नजरेत फेको पुढे होती. आणि जिथे रुग्ण सहा आठवडेही थांबत नाही तिथे? नेथन काँगडन यांच्या पुढाकाराने आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या ४० केंद्रांत केलेल्या प्रीकॉग अभ्यासाने २०१३मध्ये दाखवलं की घरी सोडण्याच्या वेळी मोजलेली नजर रुग्णालयाच्या दर्जाबद्दल बरंच खरं सांगून जाते. रुग्ण परत येत नसतील तिथे सगळ्यांची पहिल्या काही दिवसांतली नजर हेही भरवशाचं माप ठरतं. स्वीडनचा मार्च आणि आपला डिस्चार्जचा दिवस हे एकाच प्रकारचे तोडगे आहेत.

मदुराईच्या अरविंद रुग्णालयाला हा प्रश्न फारसा भेडसावत नव्हता. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये ११ खाटांवर सुरू केलेली ही संस्था, आणि तिची पहिली शिस्त कागदाची. स्वीडिश वही उघडली त्याच १९९२ साली अरविंदने स्वतःचा भिंगांचा कारखाना, ऑरोलॅब, काढला हा निव्वळ योगायोग. पण पुढे दोन्ही धागे जुळले. २०१२मध्ये डॉ. हरिप्रिया आणि सहकाऱ्यांनी ७९ हजार ७७७ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. अनुभवी हातांत फेको आणि हाताची पद्धत दोन्ही सुरक्षित होत्या. शिकाऊंच्या हातात मात्र फेकोमध्ये अडचणींचं प्रमाण ४.८ टक्के, तर हाताच्या पद्धतीत १.४६. आपल्या शिकाऊंच्या चुका असं उघड छापणाऱ्या संस्था जगात थोड्या.

सेफ्युरॉक्झिमची भारतातली अडचण अशी की ते आयत्या वेळी पातळ करून घ्यावं लागे, आणि पातळ करताना चूक झाली तर औषधच डोळ्याचं वाटोळं करी. डोळ्यासाठी तयार कुपी युरोपात २०१२मध्ये मान्य झाली, पण तिची किंमत युरोपची. ऑरोलॅबचं मॉक्सिफ्लॉक्सासिन तयार मिळत होतं आणि स्वस्त होतं. अरविंदने २०१४च्या सुमारास ते डोळ्याच्या आत द्यायला सुरुवात केली. २०१७मध्ये दहा अरविंद रुग्णालयांतल्या ६ लाख १७ हजार ४५३ ऑपरेशनांचा निकाल आला. इंजेक्शनाआधी ३ लाख २ हजार ८१५ डोळ्यांत २१४ संसर्ग, नंतर ३ लाख १४ हजार ६३८ डोळ्यांत ६४. पिशवी फाटलेल्या डोळ्यांतही प्रमाण ०.४८ टक्क्यांवरून ०.२१वर आलं. त्या शोधनिबंधावर हरिप्रिया आणि डॉ. आर. डी. रवींद्रन यांच्या जोडीने कॅलिफोर्नियाच्या डेव्हिड चँग यांचं नाव आहे.

चँग यांचा त्याच वर्षी दुसऱ्या एका नोंदवहीशीही संबंध आला. अमेरिकेत सेफ्युरॉक्झिमची मान्य कुपी नव्हती, म्हणून काही सर्जन डोळ्याच्या आत व्हॅन्कोमायसिन देत होते. मोठं, नावाजलेलं औषध. त्यांच्या अगदी मोजक्या रुग्णांत ऑपरेशन सुरेख होई, दुसऱ्या दिवशी नजर उत्तम असे, आणि साधारण आठवड्याभराने पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बंद पडून न दुखता दृष्टी जाई. कुठल्याही एका डॉक्टरला हे दैवाचा घाला वाटावं असंच होतं. मोतीबिंदूवाले आणि पडद्यावाले, अशा दोन संघटनांनी मिळून देशभरातून असे रुग्ण एका जागी नोंदवले. २०१७मध्ये छापले तेव्हा ते होते २२ माणसं आणि ३६ डोळे. म्हणजे १४ जणांचे दोन्ही. पहिला डोळा छान झाला म्हणून त्यांतल्या काहींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पाठोपाठ उरकलं होतं, पहिल्यातलं संकट अजून दिसायचं होतं तेव्हा. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हॅन्कोमायसिनच्या अशा वापराविरुद्ध इशारा काढला.

मदुराईच्या आकड्यांवर आता मोंतानवर घेतला होता तोच आक्षेप घेतला जातो: हीही आधीची आणि नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही. आक्षेप बरोबर आहे. फक्त, मुळातलं प्रमाणच १,४००त एक इतकं खाली आल्यावर डब्लिनच्या बॅरींसारखी चाचणी करायची तर सोळा हजार रुग्ण पुरणार नाहीत, त्याच्या कितीतरी पट लागतील. मात्रा किती द्यावी, सेफ्युरॉक्झिम बरं की मॉक्सिफ्लॉक्सासिन, यावर डॉक्टरांच्या परिषदांमध्ये अजून आवाज चढतात, आणि बोलणारे दोन्हीकडचे लोक कार्ल्सक्रोनाचे किंवा मदुराईचे आकडे घेऊन उभे राहतात.